झाडं रजेवर जात नाहीत: उद्यानविद्येच्या संशोधनात बायकांना नेमकी कसली मदत हवी?

कलमवाली

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी एका पीक-संशोधन संस्थेच्या उद्यानविद्या विभागात आहे, टोमॅटोच्या पैदाशीवर काम करते. गेल्या महिन्यात वरून निरोप आला की महिला कर्मचाऱ्यांसाठी आराखडा करायचाय, तीन पानांत बसवा, निमंत्रक तुम्ही. मीच का, हे विचारायची सोय नव्हती. आधीच्या समितीची फाइल उघडली तर आत महिला दिनाचे चार फोटो आणि सभागृहाच्या आरक्षणाचा अर्ज. बास.

आता माझा अनुभव सांगते, म्हणजे मी काय विचारतेय ते कळेल.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझं एक क्रॉसिंग ऐन भरात होतं. जंगली टोमॅटोतला रोगप्रतिकार आपल्या लागवडीच्या वाणात आणायचा होता. यात लागवडीचा वाण मादी म्हणून घ्यावा लागतो आणि पराग जंगलीचा. उलट केलं तर बहुतेक वेळा फळच धरत नाही. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, पाकळ्या जेमतेम पिवळसर झालेल्या असतात तेव्हा. चिमट्याने पुंकेसरांची नळी अख्खी उचलायची, स्त्रीकेसराला धक्का न लावता. मग पराग लावायचा, पिशवी, टॅग. एकेका झाडाशी पाठ वाकवून हे करायचं.

रजा सुरू झाली तेव्हा झाडं फुलावर होती. सहकाऱ्याला तोंडी सांगून गेले, त्यानेही "बघतो" म्हटलं. त्याचं स्वतःचं काम होतं, त्याला दोष देत नाही. परत आले तेव्हा पॉलिहाऊस धुऊनपुसून रिकामं. पुढच्या ट्रायलला जागा हवी होती म्हणून झाडं उपटली होती. फळं मात्र कुणीतरी कर्तव्यबुद्धीने काढून बी पाकिटात भरून ठेवलं होतं. पाकिटांवर क्रॉस नंबर नव्हते, कारण टॅग बॉलपेनने लिहिलेले आणि ठिबकच्या पाण्याने ते कोरे झालेले. सदतीस पाकिटं, सगळी निनावी.

हंगाम गेला. रजा महिन्यांची होती, नुकसान वर्षाचं झालं. वार्षिक मूल्यमापनात शेरा आला: "प्रगती असमाधानकारक".

तर प्रश्न असा: रजा मिळते, नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात किमान १४ आठवडे म्हटलंय, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्तच मिळते. पण त्या आठवड्यांत *झाडांचं* काय करायचं, ते कुठल्याच नियमात नाही. तीन पानांत काय लिहू? गुळगुळीत काही नको, वापरता येईल असं सांगा.

---

अबोली०७

वाचताना पोटात कालवलं. सदतीस पाकिटं!

मी टिश्यू कल्चरवाली, म्हणजे बाटलीतल्या पोषक माध्यमावर रोपं वाढवणारी. आमच्याकडे हंगाम नाही, पण दर चारेक आठवड्यांनी सगळं नव्या माध्यमावर हलवावंच लागतं. नाही हलवलं तर आधी पानं पिवळी, मग बाटली तपकिरी, मग कचरा.

पण मला वेगळंच लिहायचंय. मी दिवस गेल्याचं तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. प्रोजेक्ट कंत्राटी होता, मुदतवाढीचा अर्ज आत गेलेला. "हिला आता जमेल का" असा विचार नुसता कुणाच्या मनात आला असता तरी माझं काम गेलं असतं. आणि त्या तीन महिन्यांत मी काय करत होते? गुणसूत्रं दुप्पट करायला रोपांना कोल्चिसिन लावत होते! पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून दोन्हीकडे नेणारे धागे असतात, ते कोल्चिसिन तयारच होऊ देत नाही. माणसाच्या पेशीवर तर ते रोपाच्या पेशीपेक्षा कितीतरी कमी मात्रेतही चालतं. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या आठेक आठवड्यांत, म्हणजे कुणाला सांगायच्या आधीच.

आमच्या लॅबचा नियम होता, "गरोदर महिलांनी तसे कळवल्यास त्यांना धोकादायक रसायनांपासून दूर ठेवले जाईल." दिसायला किती छान. पण कळवायची भीती हाच खरा प्रश्न होता, तर नियम कुणाच्या उपयोगाचा?

म्हणून पहिलं हे लिही: सुरक्षितता कुणी काही कळवण्यावर अवलंबून नको. कोल्चिसिन, डीएनए दिसावा म्हणून जेल रंगवायचा इथिडियम ब्रोमाइड, कीडनाशकं, सगळ्यांसाठी, सगळ्या दिवशी, एकच कडक पद्धत. पुरुषांनासुद्धा. मग कुणाला काही जाहीर करावं लागत नाही.

---

तिरकस

शिव्या पडणार हे माहीत असून लिहितो.

कलमवाली, तुमच्यावर अन्यायच झाला. पण त्याचं उत्तर "महिलांसाठी आराखडा" कसं काय? माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी ऐन छाटणीच्या हंगामात दोन महिने नव्हतो. माझ्या द्राक्षाच्या ट्रायलचं तेच झालं, जे तुमच्या टोमॅटोचं. शेराही तोच. माझ्यासाठी कुणी समिती नेमली नाही.

---

कलमवाली

@तिरकस, शिव्या नाही हो. तुमचा मुद्दा मी वहीत लिहून घेतला, खरंच. नियम "बाळंतपणाची रजा घेणाऱ्यांसाठी" न लिहिता "हंगामात सहा आठवड्यांहून जास्त गैरहजर राहावं लागणाऱ्या कुणासाठीही" असा लिहिला तर तुम्हीही त्यात येता. शिवाय संचालकांना "फक्त बायकांचे लाड" म्हणून ढकलता येणार नाही. 😀

@अबोली, "कळवल्यास" या शब्दावर माझंही आजवर लक्ष गेलं नव्हतं.

---

आजोबा_अजून_बागेत

कलमवालीताई, मी फळझाडांच्या पैदाशीत उभं आयुष्य घालवलं. आता निवृत्त आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीत.

तुमच्या टोमॅटोचं एक वर्ष गेलं. फळझाडात काय होतं ते सांगतो. हनीक्रिस्प नावाचं सफरचंद ऐकलं असेल. मिनेसोटा विद्यापीठात त्याचा संकर १९६० साली झाला आणि वाण बाहेर आला १९९१ साली. ३१ वर्षं! म्हणजे ज्यांनी संकर केला त्यांच्याच हातून वाण निघाला असं फळझाडात क्वचितच घडतं. मध्यंतरी हे झाड टाकून द्यायच्या यादीत गेलं होतं. नव्याने आलेल्या संशोधकाने त्याला आणखी एक संधी दिली म्हणून वाचलं. आणि मौज म्हणजे त्याचे आईबाप म्हणून जे वाण नोंदवले होते ते डीएनए तपासल्यावर चुकीचे निघाले. इतक्या नावाजलेल्या कार्यक्रमात नोंदीचा असा घोटाळा होतो, तर तुमच्या पाकिटांची काय कथा.

मी हे का सांगतोय? फळझाडाचं काम मुळातच एका माणसाचं नसतं. ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाणारच. आमच्या पिढीने मात्र प्रत्येक झाड "माझं" म्हणून सांभाळलं आणि फील्डबुक घरी नेलं. मीही नेलं. माझ्या हाताखालच्या एक बाई रजेवर गेल्या तेव्हा त्यांचं काम अडलं, याचं खापर मी त्यांच्यावर फोडलं होतं. खरं म्हणजे विभागात कुणाचंच काम दुसऱ्याला उचलता येईल असं ठेवलेलं नव्हतं, माझंसुद्धा. मी आजारी पडलो नाही, एवढंच माझं कर्तृत्व.

आता थोडा इतिहास, म्हाताऱ्याला माफ करा. १९१० साली इंग्लंडमध्ये जॉन इनेस उद्यानविद्या संस्था सुरू झाली तेव्हा पहिले संचालक विल्यम बेटसन. 'जेनेटिक्स' हा शब्द त्यांनीच रूढ केला. मेंडेलचे नियम वनस्पतींवर ताडून पाहायचं त्यांचं काम ज्यांच्या जिवावर चाललं त्यांत केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातल्या बायका पुष्कळ होत्या. एडिथ सॉन्डर्स यांनी स्टॉक नावाच्या फुलझाडावर काम केलं, म्युरिएल व्हेल्डेल यांनी स्नॅपड्रॅगन या फुलाच्या रंगांवर. बेटसन यांनी त्यांना घेतलं यात मनाचा मोठेपणा होताच, पण या शाखेला तेव्हा विद्यापीठात भाव नव्हता, म्हणून पुरुष फारसे फिरकत नव्हते, हेही खरं. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं.

जॉन इनेस संस्थेतच १९४० ते ४५ आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल होत्या. त्याआधी त्यांनी कोइमतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं होतं. सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली काढला, मग इंग्लंडमधल्याच विस्लेच्या बागेत मॅग्नोलिया या फुलझाडावर कोल्चिसिनचे प्रयोग केले. अबोलीबाईंनी कोल्चिसिन म्हटल्यावर त्याच आठवल्या.

---

रोपवाटिका

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मी आजारी पडलो नाही, एवढंच माझं कर्तृत्व" हे फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे.

इतिहास निघालाच आहे तर कपड्यांचाही सांगते. १८९६ साली लंडनच्या क्यू या वनस्पती-उद्यानात पहिल्यांदा बायका माळी म्हणून घेतल्या. त्यांना पुरुष माळ्यांसारखाच वेश घालायला लावला, गुडघ्यापर्यंतची विजार आणि लोकरी मोजे, का तर पुरुषांचं लक्ष विचलित होऊ नये. झालं उलटंच, त्यांना बघायला लोकांची गर्दी जमायला लागली!

सव्वाशे वर्षांनी आमच्याकडे काय आहे? फवारणीचे अंगरखे एकाच मापात येतात, ते माप कुणा सहा फुटी गड्याचं असावं. बाह्या दुमडायच्या, दुमडीत औषध साचतं. हातमोजे मोठे, बोटांची टोकं लोंबतात, नाजूक कळी धरता येत नाही, म्हणून मोजा काढून काम. पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरला की वीसेक किलोचा होतो, त्याचे पट्टे रुंद खांद्यांसाठी. मास्क गालाशी बसत नाही. "साहित्य पुरवले" अशी नोंद मात्र व्यवस्थित.

आणि स्वच्छतागृह. ट्रायल प्लॉटपासून मुख्य इमारत चालत वीस मिनिटं. पुरुष झाडाआड जातात. आम्ही पाणी पीत नाही. भर उन्हात, आठ तास. लघवीचा संसर्ग हा आमचा व्यावसायिक आजार आहे असं मी अर्जात लिहिलं होतं, तर शेरा आला, "भाषा सौम्य करावी".

कलमवाली, तीन पानांत जागा उरली नाही तरी हे एक वाक्य घाल: प्रत्येक प्लॉटपासून पाच मिनिटांच्या आत, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं. कडीचं मुद्दाम लिही. कडी विसरतात.

---

मोहोर_मोजणारी

+१ कडीला.

मी पीएचडी करतेय, आंब्याचा मोहोर मोजते. एका मोहोरात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात, नर वेगळी, उभयलिंगी वेगळी मोजायची, आणि शेवटी फळ हाती येतं एखादंच, पुष्कळदा तेही नाही. पहाटे फुलं उमलायच्या वेळी बागेत असावं लागतं. एकटी. दोन वेळा बागेच्या दुसऱ्या टोकाला अशा माणसाशी गाठ पडली ज्याचं तिथे काही काम नव्हतं. पुढचं लिहीत नाही.

मार्गदर्शकांना सांगितलं तर म्हणाले, "मग पहाटेची निरीक्षणं मुलाला देऊ." म्हणजे माझ्या प्रबंधाचा गाभाच दुसऱ्याला देऊन टाकायचा. मला निरीक्षणं सोडायची नव्हती, सोबत हवी होती. दोघांची जोडी, फाटकावर वेळेची नोंद, फोनला रेंज नसेल तर वॉकीटॉकी. एवढंच.

तक्रार समितीचंही बोलून घेते. समितीवर आमचेच विभागप्रमुख. माझं शिफारसपत्र, माझी मुदतवाढ, माझा डेटा, सगळं त्यांच्या सहीने. कोण जाईल तिथे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, कामाच्या ठिकाणचा छळ आणि हिंसा रोखायच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात प्रशिक्षणार्थी, उमेदवार, कंत्राटी अशा सगळ्यांना संरक्षण धरलंय, फक्त कायम नोकरांना नाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती विभागाबाहेरची आणि संस्थेबाहेरचीही हवी, आणि हे फलकावर नावानिशी लिहिलेलं हवं.

---

शेवगा

सगळे मुद्दे पटले, पण एक सावधगिरीचा इशारा. मी एका अर्जसमितीत दोन वर्षं काढली आहेत.

ब्रिटनमध्ये २००५ पासून अथेना स्वान नावाची सनद आहे. विज्ञानसंस्थांनी आपली आकडेवारी मांडायची, कृती आराखडा द्यायचा, मग कांस्य, रौप्य, सुवर्ण दर्जा मिळतो. २०११ साली आरोग्य-संशोधनाच्या काही मोठ्या निधीसाठी रौप्य दर्जाची अट येणार असं जाहीर झालं आणि एका रात्रीत सगळ्यांना समतेचं महत्त्व कळलं. 😏 निधीशी जोडल्याशिवाय हलत नाहीत हा पहिला धडा. २०२० साली ती अट काढून टाकली, कागदी काम फार वाढलं हे त्यामागचं एक कारण. हा दुसरा.

कारण ते अर्ज भरतं कोण? बायकाच. आमच्या समितीत अकरा जणी आणि एक पुरुष, तोही बैठकीला उशिरा. त्या दोन वर्षांत माझा एक पेपर कमी झाला आणि समितीचं काम बढतीच्या गुणांत शून्य. कलमवाली, तुझ्या तीन पानांत पहिली ओळ ही असू दे की समितीच्या कामाचे तास कामाच्या तासांत धरले जातील. नाहीतर आराखडा करणारीच आराखड्याची पहिली बळी.

---

पानगळ

दोन दिवस वाचतेय. एक बोचतंय ते लिहिते.

आपण सगळ्या पगारपत्रकावरच्या. क्रॉसिंग कोण करतं? कलमवालीने स्वतः केलं असेल, पण मोठ्या कार्यक्रमात रोज शेकडो कळ्यांचे पुंकेसर काढतात त्या रोजंदारीवरच्या बायका. आमच्या आराखड्यात "महिला कर्मचारी" म्हणून १९ नावं होती. प्लॉटवर त्या दिवशी चाळिसांवर बायका होत्या.

आमच्याकडे एक मावशी आहेत. त्या कळी बघत नाहीत, अंगठा आणि तर्जनीत धरून किंचित दाबतात, आणि सांगतात "ही आजची नाही". मी भिंग घेऊन तपासलं, बरोबर. एका हंगामात आम्ही टॅगवर क्रॉस करणारीची खूण घालायला सुरुवात केली, चुका शोधायला म्हणून. निघालं भलतंच. त्यांच्या हातच्या फुलांना फळ धरायचं प्रमाण आमच्या दोन तांत्रिक सहायकांपेक्षा ठळक जास्त. वरिष्ठांनी काय केलं असेल? खूण घालणं बंद केलं. "उगाच वाद होतात."

मावशींना बाळंतपणाची रजा नव्हती, दिवस भरला तर मजुरी. मुलगी लहान असताना ती प्लॉटच्या बांधावर साडीच्या झोळीत. फवारणी झालेल्या शेतात इतके तास जायचं नाही असा नियम प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात असतो. तो मुलीला कुणी सांगितला?

---

आजोबा_अजून_बागेत

पानगळताई, बरं झालं लिहिलंत. अमेरिकेत एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी जंगली ब्लूबेरी लागवडीत आणली, फ्रेडरिक कोव्हिल या शास्त्रज्ञाबरोबर. त्यांनी रानात बेरी वेचणाऱ्यांना सांगितलं, सगळ्यांत टपोरी फळं देणारी झुडपं दाखवा. वेचणाऱ्यांना रान पाठ होतं. बाईंनी दाखवणाऱ्याला मोबदला दिला आणि झुडपाला त्याचंच नाव. 'रूबेल' हा वाण अशाच एका रूब नावाच्या माणसाचा, अजून लावतात. विक्रीला पहिलं पीक निघालं १९१६ साली.

---

तिरकस

रोजंदारीवाल्यांना रजा, पाळणाघर, मापाचे मोजे, सगळं मान्य. पण पुढे कुणी म्हणेल पेपरवर नाव द्या. लेखक म्हणजे ज्याला निष्कर्षाची जबाबदारी घेता येते तो. मावशींना उद्या परीक्षकाने प्रश्न विचारला तर?

---

पानगळ

कळीबद्दल विचारला तर माझ्यापेक्षा बरं उत्तर देतील. 😊

लेखक म्हणून नको, ठीक. पण ऋणनिर्देशात "संस्थेच्या संचालकांचे आभार" असतात, ज्यांनी प्लॉट पाहिलेला नाही. तिथे मावशींचं नाव का नको? नावानिशी, "क्षेत्रीय कर्मचारी" असं मोघम नाही.

---

तिरकस

हे मान्य. लेखकाचं अजूनही अमान्य.

---

कलमवाली

मंडळी, आराखडा दिला. तीनाची पाच पानं झाली.

काय राहिलं, काय गेलं ते सांगते. प्रत्येक ट्रायलला दोन नावं, मुख्य आणि जोडीदार, आणि फील्डबुक विभागातच राहणार: मंजूर. हंगामात सहा आठवड्यांहून जास्त गैरहजर असेल तर (कुणीही, तिरकसराव) प्रोजेक्टची मुदत एका हंगामाने पुढे आणि ते वर्ष मूल्यमापनातून वगळायचं: मुदतीचं मंजूर, मूल्यमापनाचं "विचाराधीन". जोडीदाराने केलेल्या कामाचं श्रेय त्याच्या खात्यात जाणार, कारण फुकट कोण का करेल. "कळवल्यास" हा शब्द रसायनांच्या नियमातून खोडला, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. पहाटेच्या जोड्या मंजूर. तक्रार ऐकायला बाहेरची व्यक्ती मंजूर, पण नाव फलकावर लावायला दोन महिने लागतील म्हणे. फलक तयार आहे, खिळे नाहीत बहुतेक.

शेवगा, समितीचे तास धरायला नकार. "हे सेवाभावाचं काम आहे." मी पुढच्या बैठकीला जाणार नाही असं लेखी कळवलंय, बघू.

पानगळ, रोजंदारीचा परिच्छेद अख्खा कापला. "कंत्राटदाराचा विषय." म्हणून मी तो वेगळा अर्ज करून दिलाय, खाली सात जणांच्या सह्या, त्यात दोन विभागप्रमुख. आणि माझ्या प्लॉटवर या हंगामापासून टॅगवर क्रॉस करणारीची खूण सुरू केली आहे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

---

अबोली०७

टॅग कशाने लिहितेस आता?

---

कलमवाली

शिसपेन्सिलीने गं. पाण्याने जात नाही. बॉलपेन प्लॉटवर दिसलं की मी जप्त करते.